नदीचे एकोणीस दिवस

१४ ऑगस्ट

मामा,

नमस्कार, आणि मामीलाही. आधी तुमच्या अंगठ्याचं लिहा, बाकी सगळं नंतर.

मी दिवसभर कचेरीत नेमकं काय करतो, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मला धड सांगता आलं नाही. लिहिताना मला सुचतं, म्हणून लिहितो.

तुमच्यासारख्या चौसष्ट मोजणीघरांतून नदीच्या पातळीचे आकडे रोज तीनदा आमच्याकडे येतात. आकडा आला की यंत्र तो लगेच पक्क्या तक्त्यात लिहीत नाही, आधी लॉगमध्ये लिहितं. लॉग म्हणजे कच्ची वही समजा. काय आलं, कधी आलं, कुठे बसवायचं, हे आधी तिच्यात उतरतं. मध्येच वीज गेली तरी कच्च्यावरून पक्कं पुन्हा लिहिता येतं. पलीकडच्या खोलीत दुसरं यंत्र आहे. ते हीच कच्ची वही वाचून आपला तक्ता पहिल्यासारखाच ठेवतं. एकाला काही झालं तर दुसरं उभं.

पण ही वही फार फुगते. लांब नोंदी दाबून लिहायची एक जुनी रीत यंत्रात होती, तिने फारसं काही आवळत नसे. मी तिच्या जोडीला नवा पर्याय घातला. साठ ओळींचा प्रोग्राम, तीन महिने लागले. परवा, बारा तारखेला सकाळी, तो सुरू केला आणि वही निम्म्याहून लहान झाली. छोट्या नोंदींना तो हात लावत नाही, नुसता आकडा दाबून काय मिळणार? लांब नोंदी दोनच प्रकारच्या येतात: वरच्या कचेरीचे ढगांचे नकाशे आणि तुमचे शेरे. खरंच सांगतो. बाकीचे त्रेसष्ट जण शेऱ्याच्या रकान्यात 'निरंक' लिहितात. तुम्ही पाण्याचा रंग, वास, वाहून आलेली फांदी कुठल्या झाडाची, सगळं लिहिता. डबा खाताना मी ते वाचतो. साहेब परवा म्हणाले, "तुझे मामा नदी मोजतात की तिच्यासाठी स्थळ बघतात?"

साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. गणितात दोनदा नापास होऊन कॉलेज सोडलेल्या माणसाची. वर्षअखेरीस मला कायम करायची शिफारस करणार आहेत. कामाची मी सतरा कलमांची यादी केली होती आणि एकेका कलमावर खूण करत गेलो. ही सवय तुमचीच.

आता फोनवर केली तीच विनंती पुन्हा. यंत्रावर नोंद पाठवल्यावर तीच पुन्हा कागदी वहीत उतरवू नका. अंगठा दुखतो आणि उपयोग काहीच नाही. इथे तुमचं अक्षर न् अक्षर दोन ठिकाणी राहतं.

तुमचा,
वेलांटी


२० ऑगस्ट

वेलांटी,

आधी पाठ ताठ कर, मग पुढचं वाच. अभ्यासाला बसलास की वेलांटीसारखा वळायचास म्हणून हे नाव ठेवलं, ते काढून टाकायची संधी तू काही देत नाहीस.

पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. 'दाबून लिहायचं' आलं तिथे तिने मला थांबवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी लोकरीचे कपडे ट्रंकेत कोंबते तसं?" मी म्हटलं, तसंच. तर म्हणते, "कोंबायला काय, कोणीही कोंबेल. हिवाळ्यात मोजा सापडला पाहिजे." तुझ्या साहेबांना सांग, आमच्याकडे एक सल्लागार रिकामी आहे.

फोनवर तू सांगितलंस त्याच दिवशी, अकरा तारखेला, वही बंद केली. पस्तीस वर्षांच्या वह्या फळीवर आहेत, शेवटच्या वहीत अर्धी पानं कोरी राहिली. शेवटच्या नोंदीखाली रेघ मारली तेव्हा उगीचच कसंतरी झालं. पण तू सांगतोस म्हणजे ठीक असेल. आता आठ, बारा आणि पाच वाजता पायऱ्या उतरतो, पाण्यातली मोजपट्टी वाचतो, वर येऊन बटणं दाबतो, हिरवी खूण येते आणि संपलं. अंगठा तुला दुवा देतो.

नदीला स्थळ बघायची गरज नाही म्हणावं. गेल्या आठवड्यापासून वरच्या धरणाने पाणी सोडलंय आणि बाईसाहेब फुगून बसल्यात.

शिफारशीचं वाचून मामीने डोळे पुसले. कांदा चिरत होती म्हणते. विळी कुठे दिसली नाही मला.

तुझा मामा


२ सप्टेंबर

मामा,

घाईत लिहितो. परवा, एकतीस तारखेला, आमच्या पहिल्या यंत्राची डिस्क मेली. मेली म्हणजे अगदीच, त्यातलं काही परत निघणार नाही. पण बारा मिनिटांत दुसरं यंत्र उभं राहिलं आणि कुठल्याही मोजणीघराला कळलंसुद्धा नाही. तुम्हाला कळलं का? नसेलच. साहेब म्हणाले, याचसाठी तर दोन ठेवतो.

ढगांचे काही नकाशे डिस्कबरोबर गेले, ते वरच्या कचेरीकडून परत मागवले. बाकी सगळं सुखरूप आहे.

मी कुलूप तीनदा ओढून पाहून घरी जातो, असं सगळे हसतात. परवा कोणी हसलं नाही.

तुमचा,
वेलांटी


१६ सप्टेंबर

वेलांटी,

एक काम आहे, गुपचूप कर. कचेरीचं पत्र आलंय. ऑगस्टचा तक्ता काढला तर आमच्या मोजणीघराच्या बारापासून तीसपर्यंत नोंदीच नाहीत म्हणे. एकोणीस दिवस! ऐन पुराचे! 'कर्तव्यात कसूर का समजू नये' असं विचारलंय.

मी हसलो आधी. म्हटलं, कोणीतरी चुकीचं पान उघडलं. मग फोन केला. तिकडचा कारकून फार सभ्य. म्हणाला, "आजोबा, यंत्र बिघडलं असतं तर चौसष्टच्या चौसष्ट गेले असते. त्रेसष्ट आहेत. तुमचेच तेवढे नाहीत." आजोबा कोणाला म्हणतो?

मी पाठवल्या आहेत रे. रोज हिरवी खूण यायची. निदान मला तरी तसं आठवतंय. जुनी वही चालू असती तर तोंडावर फेकली असती. ती नाही, त्याचा दोष तुला देत नाही, माझ्या भल्यासाठीच म्हणालास.

एवढं बघ. चौकशीला तपासनीस येणार आहे. त्याआधी सापडलं तर बरं, नाहीतर कचेरीने दिलेलं हे घर सोडायला लावतील. घराचं एक वेळ चालेल. पण मोजली नाही म्हणतात, ते मला सहन होत नाही.

तुझा मामा


२२ सप्टेंबर
(हे पत्र टाकलं नाही)

मामा,

तुमच्या नोंदी सापडल्या. काल दुपारी.

त्या आल्या होत्या. सगळ्या, रोज तीन, सत्तावन्नच्या सत्तावन्न. कच्च्या वहीतही उतरल्या होत्या. मी घातलेल्या नव्या रीतीने त्या दाबल्या गेल्या, कारण त्या लांब होत्या. दाबलेल्या प्रत्येक नोंदीवर कुठल्या रीतीने दाबली त्याची एक खूण असते. दुसऱ्या यंत्राला ती खूण कळत नव्हती. खरं तर अशा वेळी त्याने थांबून बोंब मारायला हवी. पण चाचणीच्या दिवसांत ते सारखं अडायचं, म्हणून मीच त्याला सांगून ठेवलं होतं की खूण ओळखीची नसेल तर गप्प पुढे जा. ते गप्प पुढे गेलं. एकोणीस दिवस. 'निरंक' लिहिणाऱ्यांच्या नोंदी छोट्या, त्या न दाबता आल्या आणि नीट उतरल्या. तुमच्या वगळल्या गेल्या. नकाशेही वगळले गेले, ते डिस्कबरोबर गेले असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

दुसऱ्या यंत्रावर नवा प्रोग्राम चढवायचा, हे माझ्या यादीतलं सतरावं कलम. ते करायला मी उठलो होतो. तेवढ्यात साहेबांनी सगळ्यांसमोर बोलावलं. जाताना मी कलमावर खूण केली, आल्यावर करूच म्हणून. आल्यावर यादी पाहिली तर सगळ्यांवर खुणा होत्या.

नोंदी अजून परत काढता येतात. कच्च्या वहीची नक्कल, म्हणजे दाबलेल्या फाइली, दुसऱ्या यंत्रावर चाळीस दिवस ठेवतात, मग रोज संध्याकाळी सहाला सर्वांत जुना दिवस आपोआप पुसला जातो. थांबवायचं तर रजिस्टरात कारण लिहून सही करावी लागते. कारण काय लिहू? काल पावणेसहाला मी रजिस्टर उघडून बसलो होतो. सहा वाजले आणि बारा तारीख गेली. आज तेरा जाईल.

उद्या लिहीन. आज साहेबांनी शिफारशीचा कागद मला वाचायला दिला. त्यात 'अत्यंत काळजीपूर्वक' असा शब्द आहे.


२२ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र मिळालं. मी पाहिलं. तुमच्या नोंदी तक्त्यात नाहीत. लाइनमध्ये काही दोष असू शकतो. विचारपूस चालू आहे.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वयोमानाने कधी कधी गडबड होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. झोप पुरेशी घ्या.

तुमचा,
वेलांटी


३० सप्टेंबर

वेलांटी,

तपासनीस येऊन गेला. तरणा पोरगा, बूट काढून आत आला, चांगल्या घरचा वाटला. मला म्हणाला, "एकोणीस तारखेचं काय आठवतं?" मी म्हटलं, त्या दिवशी कोंबड्यांचं खुराडं वाहत आलं होतं, छपरावर कोंबडा उभा. आरवत होता. मी तसं शेऱ्यात लिहिलं होतं. तो म्हणाला, "हे मागच्या वर्षीचं नसेल कशावरून?" मागच्या वर्षीही पूर होता. मग त्याने विचारलं, पायऱ्या किती. पस्तीस वर्षं उतरतोय. मी एकेचाळीस म्हणालो. मोजल्या तर बेचाळीस निघाल्या. त्याने ते लिहून घेतलं.

तुझं पत्र दोन-तीनदा वाचलं. तू वयाचं लिहिलंस. तू पत्रात स्वल्पविरामसुद्धा विचार करून टाकणारा. तू लिहिलंस म्हणजे सगळं पाहूनच लिहिलंस. तेव्हाच मला वाटलं, माझंच काहीतरी घसरलं असणार. मी खाली गेलो असेन, पट्टी पाहिली असेन, वर येऊन बटण दाबायचं राहून गेलं असेल. आणि दाबलं असं वाटत राहिलं असेल. रोज. तसं होत असेल का रे माणसाचं?

एक मात्र ऐक. माझ्यासाठी तिथे कोणाशी भांडू नकोस. अर्ध्या शिक्षणावर तू जे उभं केलंस, त्याला माझ्यामुळे डाग नको. 'विसराळू म्हाताऱ्याचा भाचा' म्हणतील, तेवढं पोटात घाल.

मामी बरी आहे. मीही बरा आहे.

तुझा मामा


३ ऑक्टोबर

बाळा,

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. हे त्यांना न सांगता लिहितेय. दुकानाला जाते म्हणून निघाले आणि पोस्टातल्या बाकावर बसलेय.

तुझे मामा बरे नाहीत. आठची पट्टी वाचून येतात आणि पुन्हा खाली जातात, मघाचा आकडा खरा का ते बघायला. मग पुन्हा. काल चार वेळा उतरले. तळहातावर पेनाने आकडा लिहितात, आंघोळीला हात बाहेर ठेवून बसतात. परवा भर दुपारी मला विचारलं, "मी जेवलो का गं?" ताट अजून समोरच होतं. मी म्हटलं, "चेष्टा करता होय?" तर म्हणाले, "नाही, तू सांग."

डॉक्टरकडे नेलं. त्याने उलटे आकडे म्हणायला लावले, यांनी धडाधड म्हटले. डॉक्टर म्हणतो, डोकं माझ्यापेक्षा बरं आहे. बाहेर येऊन हे म्हणतात, "त्याला माझं मन राखायचं होतं." घ्या! आता चांगलं सांगणाराही खोटा.

सोमवारी कागदावर सही केली. 'माझ्याकडून विसर पडला असावा' असं लिहून दिलं. महिनाअखेर घर सोडायचं. मी विचारलं, तुम्हाला खरंच तसं वाटतं? म्हणाले, "वेलांटीलाही तसंच वाटतं."

सदतीस वर्षं या माणसाबरोबर काढली. माझ्या माहेरच्यांनी लग्नात काय अपमान केला ते शब्दाला शब्द सांगतात अजून. हा माणूस एकोणीस दिवस विसरेल?

मी अडाणी आहे. पण तू यंत्रात बसतोस म्हणून तुला विचारते. यंत्र विसरतं का रे कधी? एवढंच लिहून पाठव.

मामी


७ ऑक्टोबर

मामा, मामी,

यंत्र विसरलं नाही. मी त्याला वगळायला सांगितलं होतं.

मामा, तुम्ही एकही नोंद चुकला नाहीत. सत्तावन्नच्या सत्तावन्न आल्या होत्या. एकोणीस तारखेचा शेरा मी त्या दिवशी डबा खाताना वाचला होता. कोंबडा छपरावर, तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला, असं तुम्ही लिहिलं होतं. मी हसलो होतो. तपासनिसाने विचारलं ते मागच्या वर्षीचं नव्हतं.

हे मला एकवीस सप्टेंबरला कळलं. सोबत बावीस तारखेला लिहून न टाकलेलं पत्र जोडतो आहे. चूक कशी झाली ते त्यात आहे. ते लिहून मी ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि त्याच दिवशी, त्याच पेनाने, तुम्हाला वयोमानाचं लिहिलं. यादीवरची खूण माझ्या हातून घाईत झाली. ते वाक्य घाईत झालं नाही. तुम्ही विचारायचं थांबवावं म्हणून मी ते लिहिलं.

त्यानंतर रोज सहाला एक दिवस पुसला गेला. मी रोज ठरवायचो, उद्या. कोंबड्याचा दिवस अठ्ठावीस सप्टेंबरला गेला. मी तेव्हा खोलीतच होतो.

मामीचं पत्र पाच तारखेला दुपारी मिळालं. मी रजिस्टरात कारण लिहिलं, सही केली आणि पुसणं थांबवलं. मग साहेबांच्या टेबलावर माझं न टाकलेलं पत्र, मामीचं पत्र आणि यादी ठेवली. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला.

"माझ्याकडे आधी आला असतास तर गुपचूप नीट केलं असतं," म्हणाले.

मी म्हटलं, "म्हणूनच आलो नाही बहुतेक."

"म्हणजे?"

"तुम्ही गुपचूप केलं असतंत. मामांना कोणी सांगितलं नसतं."

हे मी तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणालो. खरं कारण ते नव्हतं. मला कायम व्हायचं होतं.

सव्वीस ते तीस ऑगस्ट, पाच दिवसांच्या पंधरा नोंदी शेऱ्यांसकट परत निघाल्या. त्यांची छापील प्रत सोबत आहे. बाकीचे दिवसही तसेच आले होते, हे त्यांवरून कचेरीने मान्य केलं आहे. तुमचा सहीचा कागद रद्द होईल, घर सोडावं लागणार नाही. बारा ते पंचवीस, चौदा दिवस कुठेच उरलेले नाहीत. ते डिस्कने घालवले नाहीत, मी घालवले.

तुम्हाला त्या दिवसांचं जे आठवत असेल ते सांगाल का? मी तक्त्यात भरीन.

शिफारस मागे घेतली आहे. मी आता टपाल विभागात बसतो. ते बरोबर आहे. माफी मागायचं धाडस होत नाही.

वेलांटी


१९ ऑक्टोबर

वेलांटी,

दहा दिवस रोज उत्तर लिहायला बसलो आणि रोज उठलो.

कचेरीचं पत्र आलं. 'गैरसमज झाल्याचे निदर्शनास आले आहे', एक ओळ. मामीने कागद उलटून मागे काही आहे का बघितलं. म्हणाली, "एवढंच? लग्नाला येता आलं नाही तर लोक याहून लांब लिहितात."

तुझ्या यादीवरच्या खुणेचं मला काही नाही. नवा होतो तेव्हा मी मोजपट्टी उलटी ठोकली होती. चार दिवस नदी डोक्यावर उभी होती आणि मी बिनदिक्कत लिहीत होतो. होतं.

पण तुझं ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. मी मामीला विचारत होतो की मी जेवलो का. हात कोरडा ठेवून अंघोळ करत होतो. आणि तिकडे माझी अक्कल शाबूत असल्याचा पुरावा तुझ्यासमोर होता, तू घड्याळ बघत होतास. कारकुनाने म्हटलं, तपासनिसाने म्हटलं, त्याने मी हललो नव्हतो. तू म्हटल्यावर हललो.

मी तुझ्यावर रागावलो आहे. हे लिहायला बरंसुद्धा वाटतंय, कारण नेमकं कशावर रागावलोय ते मला पक्कं आठवतंय.

आठवेल ते सांगा, तक्त्यात भरतो म्हणतोस. अजिबात नाही. कोंबडा मला आठवतो, त्या दिवसाचा आकडा आठवत नाही. आठवणीने पातळी लिहीत नसतात. ते चौदा दिवस कोरे राहू देत. पण कोरे का, ते शेऱ्यात असलं पाहिजे. ते तू लिही. पुढे शंभर वर्षांनी कोणी तक्ता उघडला तर त्याला मी झोपलो होतो असं वाटता कामा नये.

परवापासून एकदाच खाली जातो. पायऱ्या बेचाळीस आहेत. सगळ्यात खालची पाण्यात असते, ती मी कधीच मोजत नव्हतो.

आत्ता येऊ नकोस. मामी म्हणते ये. मी म्हणतो येऊ नकोस. घर माझंही आहे.

मामा


२६ ऑक्टोबर

मामा,

येत नाही.

शेरा काल लिहिला. तक्त्याला हात लावायची मला आता परवानगी नाही, म्हणून साहेब शेजारी बसले आणि त्यांच्या नावाने यंत्र उघडून दिलं. म्हणाले, "'तांत्रिक कारणास्तव' लिही, पुरे. सगळे तेच लिहितात." मी नको म्हटलं. म्हणाले, "अरे, हे कायमचं राहतं. पुढे तुला कुठे नोकरी मागायची असेल तर?" मी लिहीत राहिलो. शेवटी त्यांनी एक तारीख तपासून दिली.

लिहिलं आहे ते असं:

'मोजणीघर क्रमांक एकतीस, १२ ते २५ ऑगस्ट. या चौदा दिवसांच्या बेचाळीस नोंदी मोजणाऱ्याने वेळच्या वेळी, शेऱ्यांसह पाठवल्या आणि त्या कचेरीत पोहोचल्या. लॉग दाबण्याची नवी रीत सुरू करताना दुसऱ्या यंत्रावरचं काम न करताच मी ते केल्याची खूण केली, म्हणून या नोंदी तक्त्यात उतरल्या नाहीत. दाबलेल्या फाइली २१ सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत सगळ्या शाबूत होत्या. त्या वाचवता येतात हे मला त्याच दुपारी कळलं होतं. मी ५ ऑक्टोबरला सांगितलं. मधल्या काळात मोजणाऱ्याला स्वतःच्या स्मरणाची शंका यावी असं मी त्याला लिहिलं. मोजणाऱ्याचं स्मरण चोख आहे.'

खाली माझी सही आहे, पूर्ण नावाने.

तुमचा भाचा